जेलमधून सुटणाऱ्या कर्णबधिर माणसासाठी चर्चवाल्यांची मदत घ्यावी का?

प्रश्न: माझा मेहुणा जन्मापासून कर्णबधिर आहे. पुढच्या महिन्यात ग्वाल्हेरच्या जेलमधून सुटतोय. तिथे येणारे काही ख्रिस्ती लोक सुटल्यावर राहायची आणि कामाची सोय करतो म्हणतात. घरचे म्हणतात, बाटवतील. काय करावं?

उत्तर:

घ्या. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या घरी हा शब्द तोंडातून निघायला दीड वर्ष लागलं.

मी इंदूरची, रामबागेतली. माझा धाकटा भाऊ कर्णबधिर आहे. एका कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली आणि ती लोडिंग रिक्षातून पोचवायचं काम यानं केलं. माल कसला आहे ते त्याला ठाऊक होतं, तेव्हा तो निर्दोष होता असं मी म्हणणार नाही. पण ठाण्यात जबाब घेतला तेव्हा समोरचा जे विचारेल त्याला तो मान डोलवत गेला. ज्यांच्या घरी कर्णबधिर माणूस आहे त्यांना ही मान माहीत असते. तिचा अर्थ 'हो' नसतो, 'रागावू नका' असा असतो. त्या मानेपायी जुन्या दोन चोऱ्याही त्याच्या नावावर चढल्या. ठाणं कुठलं ते लिहीत नाही. आमच्याच शहरात तुकोगंज ठाण्यात कर्णबधिरांसाठी पोलिस सहायता केंद्र आहे, त्याच्या भाषेत जबाब नोंदवायची तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, दिव्यांगाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, हे सगळं आम्हाला शिक्षा लागल्यावर कळलं. त्याची दोन वर्षं गेली.

आता मुलाकातीचं सांगते. दोन जाळ्या, मध्ये हातभर अंतर, अलीकडे पन्नास माणसं आणि पलीकडे पन्नास. सगळे एकाच वेळी ओरडतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. त्या जागी ओरडायची गरज नसलेला एकटा माझा भाऊ होता. फक्त माझे हात बोलत नव्हते. लहानपणी शाळेत त्याला हात बांधून बसवायचे, 'तोंडानं बोल' म्हणून. घरी थोरल्या काकांचा दंडक होता, माकडासारखे हातवारे नकोत, चार लोकांत लाज जाते. मग तो आमच्या ओठांवरून जेवढं कळेल तेवढं घ्यायचा आणि आम्ही समजायचो की त्याला सगळं कळतं. जाळीतून ओठ दिसत नाहीत.

तिसऱ्या की चौथ्या मुलाकातीला मी तळहातावर पेननं अक्षरं काढून त्याला दाखवत होते. शेजारी पन्नाशीची एक बाई उभी होती. चर्चच्या प्रार्थना गटातून दुसऱ्या कुणाला तरी भेटायला आलेली. तिनं हिंदीत विचारलं, "बहन, तुम्हें इशारे नहीं आते?" मी नाही म्हटलं. तिनं हात वर केले आणि त्या गोंगाटात माझा भाऊ दहा मिनिटं बोलला. इतकं सलग बोलताना मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. मग ती मला म्हणाली, "तो विचारतोय, आईला कधी नेलं? अग्नी कुणी दिला?"

आई घरी होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मागच्या वेळी मी तेच सांगितलं होतं. त्यानं जाळीतून वेगळंच वाचलं आणि तीन आठवडे तो आई गेली असं धरून बसला होता. बराकीत कुणाला सांगणार?

त्या बाईंचा स्वतःचा मुलगा कर्णबधिर, म्हणून त्यांना भाषा येत होती. त्यानंतर त्या दर रविवारी त्याला भेटत. गिनतीच्या, म्हणजे बंद्यांची मोजणी होते त्या वेळी घंटा वाजते, हा उठत नाही आणि मग उर्मट म्हणून मार खातो, हे त्यांनीच अधिकाऱ्यांना समजावलं. शेजारच्या बंदीनं त्याचा खांदा हलवायचा असं ठरवून घेतलं. त्यांना भावानं खुणेतलं नाव दिलं, चष्म्याच्या दांडीला बोट लावायचं. आमच्या घरी कुणालाही त्यानं कधी असं नाव दिलं नव्हतं.

एकदा त्या निरोप घेऊन रामबागेत आल्या, तर काकांनी त्यांना ओसरीतूनच परत पाठवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि गप्प राहिले. "ही माणसं फुकट काही करत नाहीत," काका म्हणाले. नंतर मी त्यांना इंदूरच्याच जेलमधली गोष्ट सांगितली. सिस्टर राणी मारिया या कॅथलिक ननना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येताना भोसकून मारलं गेलं. मारणाऱ्या समंदर सिंहला त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ साली जेलमध्ये जाऊन राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला. काका म्हणाले, ते वेगळं. काय वेगळं ते आजतागायत सांगितलेलं नाही.

काका, तुम्ही हे वाचत असाल तर इथेच विचारते. आपण त्याचा धर्म राखला म्हणता. सत्तावीस वर्षांत त्याच्याशी एक पुरतं वाक्य आपल्यापैकी कोण बोललं?

सुटल्यावरचं म्हणाल, तर बाईंनी आधी त्याला व्हिडिओ कॉल होईल असा फोन घेऊन दिला. मग आधार आणि यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या खेपा घातल्या आणि एका बाइंडिंगच्या दुकानात चिकटवलं. कर्णबधिरांचं जग लहान असतं. कोण जेलमध्ये होतं ते आठवड्यात सगळ्या ग्रुपांवर पोचतं. ऐकणारा माणूस दुसऱ्या मोहल्ल्यात जाऊन नव्यानं सुरुवात करू शकतो, पण याची भाषा जाणणारे सगळे तेच आणि त्यांनाच सगळं ठाऊक. अशा वेळी रविवारच्या प्रार्थनेत तीस माणसांत बाईंनी त्याला शेजारी बसवलं, हे मला नोकरीपेक्षा मोठं वाटतं.

आता सावधगिरीचं. सगळेच त्या बाईंसारखे नसतात. एक पाहुणे पास्टर त्याच्या कानांवर हात ठेवून बरं करायला निघाले होते. भावानं हात बाजूला सारले आणि खुणेनं सांगितलं, कान आजारी नाहीत. अशांना चहा पाजून वाटेला लावा. बायबलमध्ये मार्कच्या ७ व्या अध्यायात येशू एका बहिऱ्याला 'इप्फाथा' म्हणजे 'मोकळा हो' म्हणतो, ती गोष्ट हे लोक पुढे करतात. बाई तीच गोष्ट सांगताना आधीच्या ओळीवर थांबतात. येशू त्याला गर्दीतून बाजूला घेतो आणि त्याच्या कानाला, जिभेला हात लावतो. बाई म्हणतात, आधी तो त्याच्याशी हातांनी बोलला.

कॅथलिकांची प्रिझन मिनिस्ट्री इंडिया १९८१ पासून जेलमध्ये काम करते, इतर चर्चचेही गट असतात, पण भेटेल त्याला सांकेतिक भाषा येतेच असं नाही. पहिला प्रश्न तोच विचारा. येत नसेल तर मुक्कामाची सोय घ्या, पण विसंबून राहू नका. कागदपत्रं आणि बँकेचं पासबुक मेहुण्याच्याच हातात ठेवा. लालूच किंवा जबरदस्तीनं धर्म बदलायला लावणं मध्य प्रदेशात २०२१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा घरच्यांना तेवढी धास्ती नको. माझा भाऊ रविवारी तिकडे जातो आणि गणपतीत आमच्या आरतीलाही उभा राहतो. पुढे काय करेल ते तो ठरवेल.

महिनाभर हातात आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश फुकट बघता येतो, त्यात दहा हजारांहून जास्त शब्द आहेत. तुम्ही आणि तुमच्या मिसेसनी वीस-पंचवीस तरी शिका. 'घरी चल', 'जेवलास का', 'आई बरी आहे' हे आधी. सुटकेच्या दिवशी गेटवर दुसऱ्या कुणाला पाठवू नका, स्वतः जा. तारीख कळली की इथेच लिहा. बाईंच्या ओळखीचं ग्वाल्हेरमध्ये कुणी आहे का ते मी विचारते.