मेंदूची वेस उघडते, पण काही तासांपुरतीच

प्रश्न : वडिलांच्या (वय 61) ग्लायोब्लास्टोमाचं (मेंदूतल्या कर्करोगाच्या गाठीचं) ऑपरेशन झालंय. केमोचं औषध मेंदूत नीट पोचत नाही, पण अल्ट्रासाउंडने ते आत ढकलता येतं, असं एका नातेवाइकांनी सांगितलं. हे आपल्या सोनोग्राफी सेंटरमध्ये होतं का? डोकं उघडावं लागतं का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : औषध ढकललं जातं, हाच मुळात गैरसमज. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बहुतेक औषधं रक्तातच फिरत राहतात. हीच मेंदूची वेस (ब्लड-ब्रेन बॅरियर). ती किलकिली करतात ते बुडबुडे: काही मायक्रॉनचे, मेदाच्या पातळ कवचात वायू भरलेले. ते शिरेतून देतात. हृदयाच्या इको तपासणीतही असे वापरले जातात. ठरावीक जागी अल्ट्रासाउंडच्या लहरी एकवटल्या की तिथले बुडबुडे फुगतात-आक्रसतात आणि पेशींमधले सांधे सैल होतात. साधारण 24 तासांत ते पुन्हा मिटतात, म्हणून औषधाची वेळ त्याच्याशी जुळवावी लागते. पुढच्या डोसला सगळं पहिल्यापासून.

सोनोग्राफीच्या प्रोबचं हे काम नाही. कवटी लहरी शोषते आणि वाकवते. म्हणून हेल्मेटसारख्या यंत्रात लहरी सोडणारे 1024 ट्रान्सड्यूसर असतात आणि सीटी स्कॅनवरून कवटीची जाडी पाहून प्रत्येकाची लहर वेगळी जुळवतात. डोकं पूर्ण भादरतात, कारण केसांत अडकलेली हवाही लहरी अडवते. टाळू आणि यंत्राच्या मधे हवा काढलेलं गार पाणी खेळवतात. कवटी उघडत नाहीत. सगळं एमआरआयमध्ये चालतं. शेवटी गॅडोलिनियम (स्कॅनमध्ये उजळ दिसणारं द्रव्य) शिरेतून देऊन स्कॅन करतात. नेमकी ती जागा उजळली, की वेस उघडली.

ऊर्जा कमी पडली तर काहीच होत नाही. जास्त झाली तर बुडबुडे फुटून बारीक रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून यंत्र बुडबुड्यांचा आवाज ऐकत ऊर्जा कमी-जास्त करतं. वडिलांना रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर असेल, तर ते आधीच सांगा.

मेंदूच्या गाठीवर टोरांटोत 2015 साली हे पहिल्यांदा झालं, तरी अजून ते चाचण्यांच्याच टप्प्यात आहे. मुंबईत कुणी 'पॅकेज' सांगितलं, तर आधी सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा आणि त्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा. संमतीपत्र मराठीत मागा. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार देणं 2019च्या केंद्रीय औषध-चाचणी नियमांनुसार बंधनकारक आहे. संमतीपत्रात ते लिहिलेलं दिसलं पाहिजे. रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड (या गाठीवरचं नेहमीचं केमोचं औषध) मात्र यासाठी थांबवू नका. टेमोझोलोमाइड वेस न उघडताही काही प्रमाणात आत जातं.