दरवर्षी कूड घालण्यापेक्षा करवंद-अडुळशाची वई लावा

प्रश्न (मुरबाड तालुका): घर रस्त्यालगत आहे, जमीन मुरमाड. दर दिवाळीनंतर काटेरी फांद्यांची कूड घालतो, पुढच्या पावसापर्यंत वाळवी ती संपवते. शेळ्या आत शिरतात, डंपरची धूळ घरभर होते. बाराही महिने हिरवं राहील असं काय लावावं? की सरळ भिंत घालू?

उत्तर: भाऊ, भिंत शेळी अडवेल, पण वारा भिंतीवर आपटून वर चढतो आणि पलीकडे भोवरा होऊन अंगणातच उतरतो. वईतून, म्हणजे झाडांच्या जिवंत कुंपणातून, थोडा वारा गाळून येतो, म्हणून त्याचा जोर मोडतो. पाच फूट उंचीची दाट वई साधारण 50 फुटांपर्यंत आडोसा देते. पश्चिमेच्या पावसाळी वाऱ्यात परसातली केळी, मिरची आडवी होतात, त्यांना हाच आडोसा लागतो. धूळ पानांवर बसते, पाऊस ती धुऊन नेतो. रस्त्याचा आवाज मात्र एवढ्याशा वईने फारसा कमी होणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

तुमच्या मुरमाला मी करवंद आणि अडुळसा सुचवतो. दोन्ही आपल्याच डोंगरातली, उन्हाळ्यातही पानं धरणारी. करवंदाचे काटे जनावराला थोपवतात, अडुळशाचा कडू पाला शेळी सहसा तोंडात घेत नाही. शिवाय मे महिन्यात करवंदांची टोपली घरचीच.

आधी हद्दीची खात्री करा. बांधावरची वई म्हणजे भाऊबंदकीत हमखास वाद, म्हणून दोन-अडीच फूट आपल्या बाजूला या. आत्ताच दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणून उन्हात तापू द्या. जूनमध्ये पाऊस धरला की माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून चर भरा. बाहेरच्या ओळीत तीन फुटांवर करवंदाची रोपं, आतल्या ओळीत दीड फुटावर अडुळशाच्या काड्या. 100 फुटांना 34 रोपं आणि 67 काड्या लागतील, थोड्या जास्तच आणा. काडी बोटाएवढी जाड, चार डोळ्यांची. दोन डोळे मातीत जायला हवेत. करवंदाचं बी वाळलं की उगवण झपाट्याने घटते. त्यामुळे यंदा रोपं नर्सरीतून घ्या आणि आत्ता खाल त्या काळ्याभोर फळांच्या बिया धुऊन लगेच पिशव्यांत टाका. पुढच्या वर्षी नांग्या, म्हणजे रोपं मेलेल्या रिकाम्या जागा, भरायला ती रोपं कामी येतील.

करवंद सावकाश वाढतं. तीन पावसाळे धरून चाला आणि तोवर जुनी कूड बाहेरून राहू द्या. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एकदा पाणी आणि बुडाशी पेंढ्याचं आच्छादन. रोप दीड फुटाचं झालं की शेंडा खुडा. इथेच बहुतेकांची माया आड येते; शेंडा राखला की झाड वर पळतं आणि शेळी खालून शिरते. छाटताना वई बुडाशी रुंद, माथ्याला अरुंद ठेवा म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळेल.

सापाची भीती बऱ्याच जणी बोलून दाखवतात. वई घराच्या भिंतीपासून दहा फूट दूर ठेवा. ती मोठी झाली की बुडाशी पाला, दगड, लाकडं साठू देऊ नका.

प्रश्न (शहापूर तालुका): दारात लिंबाची दोन झाडं आहेत. वासाच्या फुलांसाठी कामिनीची वई चालेल का? नर्सरीवाला कोनोकार्पस लवकर वाढतं म्हणतो.

उत्तर: ताई, कामिनी सुंदर आहे, पण ती लिंबाच्याच कुळातली. लिंबावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड कामिनीवरही वाढते. लिंबू आहे तिथे ती नको. वासासाठी मोगरा लावा. कोनोकार्पसला माझं स्पष्ट नाही. तो परदेशी आहे, त्याची मुळं पाइपात शिरतात, आणि गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. कण्हेर आणि शेरही मुलांच्या घराभोवती नकोत. कण्हेरीचा सगळा भाग विषारी, शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा करतो. मोगली एरंडाच्या बिया विषारी, आणि ऐन उन्हाळ्यात त्याची पानंही झडतात.

दोघांनाही एक सांगतो. करवंद लावलंत तर त्याची छाटणी फळं उतरल्यावर, जूनमध्येच करा. थंडीत छाटलं तर फेब्रुवारी-मार्चचा मोहर जातो. कात्री लावण्याआधी फांद्या बाजूला करून आत बघा. पानं शिवून केलेलं शिंपी पक्ष्याचं घरटं दिसलं, तर तेवढी दोन हात जागा महिनाभर सोडा आणि पिल्लं उडाल्यावर छाटा.