शिकाऊ उमेदवारांचं वेळापत्रक कुठे फसतं? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या यंत्रशाळेत वर्षभरासाठी सहा शिकाऊ उमेदवार आले आहेत. लेथ (तुकडा फिरवून कातणं), मिलिंग (फिरत्या हत्याराने कापणं), सरफेस ग्राइंडर (सपाट पृष्ठभाग घासून अचूक करणं), फिटिंगचं बाक (हातकाम) आणि तपासणी असे पाच विभाग आहेत. मागच्या तुकडीला जिथे माणूस कमी तिथे पाठवत गेलो. वर्ष संपलं तेव्हा दोघांनी ग्राइंडरला हातही लावलेला नव्हता. या वेळी वेळापत्रक कसं बसवावं?

उत्तर : आधी विभागांची नावं बाजूला ठेवा आणि कामांची यादी करा. ‘लेथ’ हे काम नव्हे. ‘चार जबड्यांच्या चकमध्ये (लेथच्या पकडीत) जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मध्यावर आणणं’, ‘टेपर टर्निंग’ (निमुळतं कातणं), ‘बाहेरचा आटा कापणं’ ही कामं. एका वर्षाची यादी साधारण चाळीस ते साठ ओळींची होते. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा : कोणत्या यंत्रावर, कोण शिकवणार आणि काय जमलं म्हणजे आलं म्हणायचं. शिकवणाऱ्याचं नाव सुचत नाही, अशा चार-पाच ओळी हमखास निघतात. त्या आत्ताच निघालेल्या बऱ्या.

मग आठवडे मोजा. बावन्नातून सुरुवातीची सुरक्षितता आणि ओळख यांचे दोन, रजा-सुट्ट्यांचे चार, चाचण्या आणि उजळणीचे चार, अखेरचे दोन वजा केले की चाळीस उरतात. समजा, दर उमेदवाराला लेथवर १२ आठवडे, मिलिंगवर १०, बाकावर ८, ग्राइंडरवर ४ आणि तपासणीत २ द्यायचे आहेत. बेरीज ३६ झाली, ४ हाताशी राहिले. कागदावर सगळं छान दिसतं.

घोळ पुढच्या हिशेबात आहे. शिकवायला मिलिंग यंत्र एकच असेल, तर सहा जणांचे दहा-दहा म्हणजे साठ आठवडे लागतात आणि हातात चाळीस आहेत. लेथला बहात्तर लागतात, म्हणजे दोन लेथ शिकवणीसाठी धराव्याच लागतील. हा हिशेब आधी केला नाही की रांगेतले शेवटचे दोघे कोरडे राहतात. तुमच्याकडे ग्राइंडरवर नेमकं तेच झालेलं दिसतं. म्हणून तक्ता भरताना सुरुवात सगळ्यात अडणाऱ्या यंत्रापासून करा. इथे ते मिलिंग आहे. तिथे जोडी ठेवा : एक चालवतो, दुसरा ड्रॉइंग वाचतो, मापं घेतो, नोंद करतो आणि प्रत्येक जॉबनंतर अदलाबदल. तीन जोड्यांचे दहा-दहा म्हणजे तीस आठवडे, बसलं. ग्राइंडरला एकेकटा पाठवला तरी चोवीसच लागतात. लेथ आणि तपासणी उरलेल्या जागेत आपोआप बसतात.

क्रमाचं एकच पथ्य पाळा. बाकावरचे पहिले चार आठवडे सगळ्यांनी एकत्र करायचे : मार्किंग, कानस, हॅक्सॉ, ड्रिल, टॅप. मोजमाप आणि हात इथे तयार होतो. तपासणीचे दोन आठवडे ग्राइंडरच्या आधी यावेत. ०.०१ मिमी मोजता येत नसताना ग्राइंडर शिकवणं म्हणजे वेळेची नासाडी आहे. आणि सगळ्यांची बदली एकाच सोमवारी करू नका. त्या दिवशी प्रत्येक विभागात नवखाच उभा असतो. बदल्या आठवड्याच्या अंतराने करा. जाणाऱ्याने येणाऱ्याबरोबर एक दिवस काढावा.

हाताशी राहिलेले चार आठवडे मोकळेच ठेवा. आजारपण आणि तातडीच्या ऑर्डरी ते खातातच. ते आधीच भरून टाकले की पहिल्या गैरहजेरीला अख्खा तक्ता कोलमडतो.

प्रश्न : आमचे जुने कारागीर हाताचे पक्के आहेत, पण ‘बघ आणि शिक’ यापलीकडे काही सांगत नाहीत. शिकवायला लावलं तर उत्पादन घटल्याची तक्रार करतात.

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. उत्पादनाची तक्रार खरी आहे आणि ती समजावून मिटणार नाही, आकडा बदलून मिटेल. उमेदवार नव्याने आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्या कारागिराचं लक्ष्य लेखी कमी करा आणि उमेदवाराच्या हातून बाद झालेले जॉब त्याच्या नावावर टाकू नका. एका कारागिरामागे दोनपेक्षा जास्त उमेदवार नकोत.

शिकवता न येणं हा त्यांचा दोष नाही. वीस वर्षं केलेलं काम हात करतो, डोक्यात त्याचे शब्द उरत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांतून नवखे लोक झपाट्याने तयार करावे लागले, तेव्हा १९४० ते १९४५ दरम्यान ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही योजना राबवली गेली. तिची चार पायऱ्यांची रीत अजून तितकीच चालते : शिकणाऱ्याची तयारी करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. तिसरी पायरीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते.

करून दाखवण्याआधी कारागिराबरोबर बसून कामाचा एक कागद तयार करा, तीन रकान्यांचा : टप्पा, कळीची गोष्ट, का. बाह्य मायक्रोमीटरचं उदाहरण घ्या. टप्पा पहिला, दोन्ही तोंडं पुसून बंद करणं आणि शून्य तपासणं. कळीची गोष्ट, फक्त रॅचेटने, म्हणजे ठरावीक दाबाला घसरणाऱ्या टोकाच्या मुठीने, बंद करायचं. का, तर थिंबल (फिरणारी नळी) बोटांनी आवळलं की दाब वाढून माप कमी येतं. टप्पा दुसरा, जॉबवर लावून रॅचेट दोन-तीन वेळा वाजू देणं. टप्पा तिसरा, वाचणं. स्लीव्हवर (आतल्या स्थिर नळीवर) ७ ची रेघ आणि तिच्यापुढची अर्ध्याची रेघ दिसते, थिंबलवर २३ वी रेघ जुळते : ७.५ अधिक ०.२३, म्हणजे ७.७३ मिमी. नवखा ती अर्ध्याची रेघ विसरतो आणि ७.२३ सांगतो. चूक नेमकी अर्ध्या मिलिमीटरची असेल तर कारण हेच, हेही ‘का’च्या रकान्यात लिहून ठेवा.

कारागीर सांगायला हटकून विसरतात ती गोष्ट वेगळीच असते : यंत्रावरून नुकताच काढलेला गरम जॉब मोजायचा नाही. ५० मिमी व्यासाचा पोलादी जॉब २० अंशांनी गरम असला तर तो ०.०१ मिमीहून थोडा जास्तच फुगलेला असतो. त्यांचा हात आपसूक थांबतो, म्हणून ते सांगावं असं वाटत नाही. कागद बनवायचा तो असल्या गोष्टी बाहेर काढण्यासाठी.

करून घेताना उमेदवाराने हात चालवता चालवता टप्पा, कळीची गोष्ट आणि कारण तोंडाने सांगायचं. अडखळला तिथे शिकवणी कमी पडली असं समजा.

प्रश्न : नोंदवही महिनाअखेरीला एकमेकांची बघून भरली जाते. उपाय?

उत्तर : रोजच्या रकान्यात पानभर मजकूर मागितला की नक्कल होणारच. तीनच ओळी मागा : काय केलं, काय माप आलं, काय बिघडलं. माप आणि बिघाड शेजाऱ्याच्या वहीतून उतरवता येत नाहीत, कारण ते जॉबशी ताडून बघता येतात. सही दर आठवड्याला, प्रशिक्षकाने, त्या तीन ओळींवर एक प्रश्न विचारून करायची. जर्मनीच्या दुहेरी प्रशिक्षण पद्धतीत उमेदवार आणि प्रशिक्षक दोघांच्या सहीची नोंदवही अंतिम परीक्षेला बसण्याची अट आहे. तिथे तिला वजन आहे ते त्यामुळे. तुमच्याकडे निदान पुढच्या विभागात बदली वहीवर अवलंबून ठेवा.

प्रश्न : उमेदवाराला यंत्रावर एकटं कधी सोडावं? काही जण महिन्यात तयार वाटतात.

उत्तर : ‘वाटतात’वर सोडू नका. प्रत्येक कामाला चार पायऱ्या ठेवा : पाहिलं, मदतीने केलं, देखरेखीखाली केलं, एकट्याने केलं. तिसरीवरून चौथीवर जाण्यासाठी तीन जॉब लागोपाठ टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकाच्या आत), एकही प्रश्न न विचारता आणि वेगवेगळ्या दिवशी. एकाच दिवशी तीन चांगले निघाले तर त्यात सेटिंग करणाऱ्याचा वाटा जास्त असू शकतो.

सुरक्षिततेला मात्र पायऱ्या नाहीत आणि सरासरीही नाही. चकची किल्ली चकमध्ये असताना हातातून सुटली, फिरत्या स्पिंडलजवळ (यंत्राच्या मुख्य दांड्याजवळ) हातमोजे घातले, चिप्स (धातूचा कीस) हाताने ओढल्या, यातलं एकही घडलं तर मापं कितीही अचूक असोत, तो उमेदवार देखरेखीखालीच. न सांगता ‘आणीबाणी’ म्हणून हाक द्या आणि बघा, डोळे न फिरवता हात लाल बटणावर जातो का.

प्रश्न : आमचे उमेदवार दिवसचे दिवस झाडलोट आणि निरोप्याचं काम करतात. काही प्रमाणात हे चालायचंच ना?

उत्तर : पाळी संपताना आपलं यंत्र पुसणं, स्लाइडवेला (यंत्राच्या सरकपट्ट्यांना) तेल देणं, हत्यारं जागेवर लावणं हे प्रशिक्षणच आहे, पंधरा-वीस मिनिटं. बाकीचं नाही. कामांच्या यादीत ज्याची ओळ नाही, अशा कामात किती तास गेले याचा एक रकाना वहीत घाला आणि महिन्याला ती बेरीज यंत्रशाळेच्या प्रमुखासमोर ठेवा.