इनटेकच्या तोंडाशी भित्तिका टाकू नका

प्रश्न असा विचारला आहे की, मुंबई महापालिका मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा जो प्रकल्प उभारू पाहते आहे, त्यासारख्या प्रकल्पांच्या पाणी घेण्याच्या (म्हणजे इनटेकच्या) आणि सोडण्याच्या जागांभोवती कृत्रिम भित्तिका, म्हणजे सागरी जिवांना आसरा म्हणून तळावर ठेवलेले ठोकळे, टाकल्यास सागरी जैवविविधता वाढेल का, आणि त्याला खर्च किती येईल.

पहिल्या भागाचे उत्तर असे : पाणी सोडण्याच्या बाजूला नीट विचार करून केल्यास काही प्रमाणात वाढेल, पाणी घेण्याच्या तोंडाशी केल्यास ज्यांना वाढवायचे त्यांनाच तुम्ही पंपांपुढच्या जाळीवर आणून माराल. प्रश्न वाचून गप्प बसवले नाही, कारण नेमक्या याच मुद्द्यावर नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझे वरिष्ठांशी वाजले होते. तो वाद कधी मिटला नाही, फक्त मी निवृत्त झालो.

उत्तर कोकणातील एका कारखान्याच्या समुद्री पंप हाऊसवर मी मेकॅनिकल देखभाल पाहत असे. या कामात राहिलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही : समुद्रात उभी केलेली कोणतीही कठीण वस्तू आपणहून भित्तिका होऊ लागते. आधी चिकट थर, मग बार्नेकल (दगडाला घट्ट चिकटणारे छोटे कवचधारी जीव), मग कालवे आणि शिंपले, त्यांच्या फटींत चिंबोऱ्या आणि चिंबोऱ्यांच्या मागे मासे, हा क्रम ठरलेला असतो. कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राला लागणारे पाणी समुद्राच्या तळाखालून सुमारे अर्धा किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून येते, आणि त्या बोगद्याच्या भिंतींवर वाढणाऱ्या हिरव्या शिंपल्यांशी तेथील अभियंते व शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे क्लोरीन घेऊन झगडत आले आहेत. बोगद्याच्या आत ज्या जिवांना मारण्यासाठी आपण क्लोरीनचा डोस ठरवतो, त्यांनाच तोंडापासून हाकेच्या अंतरावर घर बांधून द्यायचे, ही कल्पना कागदावर फार उदार दिसते. पण त्यांची डिंभके, म्हणजे अंड्यातून निघालेली अगदी बारीक पिल्ले, पाण्यात तरंगत फिरतात आणि पंप जे पाणी ओढतो त्याच्याबरोबर आत येतात, हे कागदावर दिसत नाही.

आमच्या इनटेकच्या दोन्ही बाजूंना दगडी बांध होता आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला टेट्रापॉड, म्हणजे लाटा फोडणारे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, होते. (टेट्रापॉड हा 1950 मध्ये फ्रान्समधील ग्रनोबलच्या एका जलशास्त्रीय प्रयोगशाळेत जन्मला आणि पहिल्यांदा वापरला गेला तो मोरोक्कोतील कॅसाब्लांकाच्या औष्णिक वीज केंद्राच्या समुद्री इनटेकचे रक्षण करण्यासाठी. मरीन ड्राइव्हवर त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढणाऱ्यांना तो मूळचा आमच्या खात्यातला आहे, हे ठाऊक नसते.) बांधाच्या फटींत शेवंडी सापडत, बाहेरच्या टोकाला ओहोटीच्या वेळी कोळीवाड्यातल्या बायका कालवे फोडायला येत, आणि अधूनमधून एखाद्याच्या गळाला जिताडा लागे. हे सारे कोणी आणून टाकलेले नव्हते. दगड ओबडधोबड होते, फटी लहानमोठ्या होत्या, आत सावली होती आणि ओहोटीतही पाणी साचून राहील असे खळगे होते, एवढेच त्याचे कारण. एका पावसाळ्यात बांधाचा काही भाग ढासळला, तेव्हा दुरुस्ती करताना बाहेरच्या अंगाच्या फटी काँक्रीटने बुजवू नयेत, अशी लेखी विनंती मी केली होती. ती ‘देखभालीस अडचणीची’ म्हणून फेटाळली गेली. बांध गुळगुळीत झाला, आणि त्याच आर्थिक वर्षात सामाजिक दायित्वाच्या निधीतून कृत्रिम भित्तिका बसवण्याचा प्रस्ताव आला. जे फुकट होते ते बुजवायचे आणि तेच विकत आणायचे, यात कोणाला विसंगती दिसली नाही, हे मला आजही पचलेले नाही.

प्रस्ताव घेऊन एक सल्लागार आले. भोके पाडलेले काँक्रीटचे ठोकळे, त्यांच्याभोवती रंगीबेरंगी मासे, असे सादरीकरण झाले. त्यातले मासे आमच्या गढूळ समुद्रातले नव्हते, हे तिथे बसलेल्या निम्म्या लोकांना कळत होते. ठोकळे इनटेकच्या तोंडालगत टाकायचे ठरले, कारण तिथे कंपनीची बोट होती, पहारा होता आणि पाहुण्यांना दाखवायला ती जागा सोयीची होती. मी तीन हरकती घेतल्या : तळ चिखलाचा आहे, पंपांची ओढ आहे, आणि मासे गोळा झाले की मासेमारीची जाळी येतील. आमचे मुख्य अभियंते म्हणाले, “मासे आले की झाली जैवविविधता. तुम्ही पंप सांभाळा.” नंतर गावात बैठक झाली, तेव्हा एका म्हाताऱ्या नाखव्याने सल्लागारांना एवढेच विचारले, “साहेब, खाली रेव आहे का चिखल, ते बांबू खुपसून तरी पाहिलंत का?” त्यावर त्यांना चहा देण्यात आला.

पहिल्या हिवाळ्यात ठोकळ्यांभोवती मासे खरोखरच आले. फोटो निघाले, वार्षिक अहवालात पानभर छापले गेले. मग पावसाळा आला. उधाणाच्या ओढीने ठोकळ्यांच्या बुडाखालचा गाळ खरवडला गेला आणि अर्धेअधिक ठोकळे कलले किंवा रुतले. जे उभे राहिले त्यांना तुटक्या जाळ्यांचे लचके गुंडाळलेले पाणबुड्यांनी पाहिले. अशी अडकलेली जाळी कोणाच्या मालकीची नसली तरी मासे मारत राहतात.

खरा हिशेब मात्र पंप हाऊसच्या आत दिसला. ट्रॅव्हलिंग स्क्रीनची, म्हणजे पंपांपुढे पट्ट्यासारखी फिरत राहणारी, जाळी वर येते तेव्हा तिच्यावर पाण्याचे फवारे बसतात आणि अडकलेले सगळे खालच्या नाळीत पडते. एरवी तिथे पाने, प्लॅस्टिक आणि जेलीफिश असत. त्या मोसमात नाळीत बोटभर लांबीचे गोबरे मासे, नखाएवढ्या चिंबोऱ्या आणि कोळंबीची पिल्ले पडू लागली. काहींचे कल्ले अजून हलत होते. पाळीवरचा हेल्पर ती घमेल्यात भरून वजन करी आणि रजिस्टरात ‘कचरा’ या रकान्यात लिही, कारण दुसरा रकानाच नव्हता. मी वेगळा रकाना आखून द्यायला सांगितले, तर लेखापरीक्षणात प्रश्न येतील असे उत्तर मिळाले. मुख्य अभियंत्यांच्या अहवालात ‘मत्स्यसंख्येत वाढ’ असे होते आणि आमच्या रजिस्टरात ‘कचऱ्यात वाढ’ असे होते. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या, पण छापली गेली ती पहिली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. विखुरलेले मासे एका जागी गोळा होणे आणि अधिक मासे जन्मून जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कृत्रिम भित्तिका यांपैकी नेमके काय करतात यावर मत्स्यशास्त्रज्ञांचा वाद 1980 च्या दशकापासून चालू आहे. लग्नाच्या मांडवात गर्दी झाली म्हणून गावाची लोकसंख्या वाढली असे कोणी म्हणत नाही. भित्तिकांच्या बाबतीत मात्र सर्रास म्हणतात. वाढ खरी आहे की नाही हे पाहायचे असेल, तर ठोकळे टाकण्याआधीची नोंद हवी, जवळपासच्या पण ठोकळे नसलेल्या जागेची नोंद हवी, आणि मोठ्या माशांबरोबर पिल्लांची, तळावरच्या किड्यांची व शिंपल्यांचीही मोजणी हवी. कॅमेऱ्यासमोर आलेला मोठा मासा यांतले काहीच सिद्ध करत नाही.

पाणी घेण्याच्या तोंडाशी करायचे काम वेगळे असते आणि ते फोटोत दिसत नाही. तिथे पाण्याचा जाळीतून जाण्याचा वेग कमी ठेवावा लागतो. अमेरिकेच्या नियमांत यंत्रे थंड ठेवण्यासाठी पाणी घेणाऱ्या प्रकल्पांना मासे जाळीवर चिकटू नयेत म्हणून जे पर्याय दिले आहेत, त्यांत सेकंदाला अर्धा फूट, म्हणजे सुमारे 15 सेंटिमीटर, ही वेगमर्यादा आहे. बहुतेक माशांना या वेगातून पोहून सुटता येते. डिंभकांना पोहता येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी बारीक जाळी किंवा मुळातच कमी पाणी घेणे हाच उपाय उरतो. ज्या प्रकल्पाला हे परवडत नाही, त्याने भित्तिकांची भाषा करू नये.

पाणी सोडण्याच्या बाजूला शक्यता अधिक आहे, पण तिथेही भौतिकशास्त्र आडवे येते. समुद्राच्या पाण्यापैकी साधारण निम्मे गोडे करून काढले, तर परत सोडायच्या पाण्यात मीठ जवळजवळ दुप्पट होते. असे पाणी जड असते. ते नुसते ओतले तर तळाशी पसरते, आणि तुमची भित्तिकाही तळाशीच असते. म्हणून आधी दाबाने वर फवारणारे नळ बसवून ते झटकन मिसळेल अशी व्यवस्था करावी लागते. सिडनीजवळच्या कर्नेल येथील प्रकल्पात अशी व्यवस्था आहे, आणि तिथल्या पाणी सोडण्याच्या जागेजवळ माशांची संख्या वाढल्याचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षात घ्या की ती वाढ ठोकळ्यांमुळे झालेली नव्हती.

माझे स्पष्ट मत असे की, शेजारी नवे काही टाकण्यापेक्षा जी भिंत, जो बांध, जी नळवाहिनी तुम्ही तशीही बांधणार आहात, तिचा पृष्ठभागच खडबडीत करा. सिएटल शहराने आपली जुनी समुद्रभिंत 2017 पर्यंत नव्याने बांधली, तेव्हा तिला खाचाखळगे आणि कट्टे ठेवले, आणि वरच्या पदपथात काचेच्या लाद्या बसवल्या, कारण सॅमनची पिल्ले किनाऱ्यालगत प्रवास करतात आणि अंधाऱ्या सावलीत शिरायला बिचकतात. सिडनीच्या बंदरातही 2018 पासून सपाट समुद्रभिंतींवर खळगे व कपारी असलेल्या काँक्रीटच्या फरशा बसवण्याचा उपक्रम चालू आहे. यात कुठेही वेगळा भित्तिका प्रकल्प नाही, आणि म्हणूनच असे काम आपल्याकडे मंजूर होत नसावे. उद्घाटनाला कापायला फीत उरत नाही.

साहित्याबद्दल थोडेच लिहितो. टायर टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेलचे उदाहरण सांगावे : 1972 मध्ये तिथे ऑस्बोर्न भित्तिका म्हणून सुमारे 20 लाख टायर समुद्रात टाकले, बांधणीचे धातू गंजले, टायर सुटले आणि शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आपटत राहिले, पुढे ते काढायला लष्करी पाणबुडे लावावे लागले. ताज्या काँक्रीटचा सामू (pH) 12 ते 13 पर्यंत असतो आणि समुद्राचा सुमारे 8, त्यामुळे साधे काँक्रीट सुरुवातीला फार थोड्या जिवांना मानवते. मिश्रणात सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिशय बारीक भुकटी) घालून हा फरक कमी करतात. आणि नव्या कठीण पृष्ठभागावर सर्वांत आधी घुसतात ते बऱ्याचदा परके जीव. मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत मायटिलॉप्सिस सॅली हा मूळ अमेरिकेकडचा शिंपला कित्येक दशके ठाण मांडून आहे. बंदराजवळ भित्तिका टाकताना तुम्ही त्याला पुढचा मुक्काम बांधून देत नाही ना, हे पाहावे लागते.

हे सारे उत्तर कोकणच्या गढूळ, चिखलाळ आणि मोठ्या भरती-ओहोटीच्या समुद्राबद्दल आहे, आणि मी सागरी जीवशास्त्राचा माणूस नव्हे. मालवण-निवतीकडचे पाणी वेगळे आहे. तिथे खडक आहेत, पाणी त्या मानाने नितळ आहे, आणि निवृत्त झालेली नौदलाची ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळ बुडवून तिथे पाण्याखालील संग्रहालय व भित्तिका करण्याची योजना राज्याने हाती घेतली, तिला माझा विरोध नाही, मात्र नौकेतील तेल व घातक रंग पूर्णपणे काढलेले असावेत. तमिळनाडू आणि केरळच्या किनाऱ्यावर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्रिकोणी व विहिरीच्या कड्यांसारखे ठोकळे वापरून जे काम केले आहे, त्याचा पारंपरिक मच्छीमारांना उपयोग झाला आहे. पण तिथला उद्देश लहान होड्यांना जवळच मासे मिळावेत हा आहे, आणि तो उघडपणे सांगितलेला आहे. मासेमारीसाठी टाकलेल्या ठोकळ्यांना जैवविविधतेचे नाव द्यायचे आणि प्रकल्पाच्या परवानगीत ती भरपाई म्हणून दाखवायची, याला माझा आक्षेप आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळ उचलून दुसरीकडे लावले गेले. तेसुद्धा कायद्याने संरक्षित जीव होते म्हणून. कालवे, चिंबोऱ्या आणि गोबऱ्याच्या पिल्लांना तेवढाही आधार नाही.

मनोरीला खडकही आहेत आणि खाडीचा चिखलही, त्यामुळे जागा पाहिल्याशिवाय हो किंवा नाही सांगणारा सल्लागार लगेच बदलावा. खर्चाबाबत एवढेच सांगतो की ठोकळे हा त्यातला स्वस्त भाग असतो. आधीच्या किमान दोन पावसाळ्यांची पाहणी, पाणबुड्यांची मजुरी, अडकलेली जाळी दरवर्षी काढणे आणि किनारपट्टी प्राधिकरणाची परवानगी यांचे पैसे निविदेत वेगळ्या बाबी म्हणून दाखवायला लावा, नाहीतर ते कोणीच खर्च करणार नाही. ठेकेदाराची अनामत ठोकळे पाण्यात पडल्या दिवशी परत करू नका. तिसऱ्या पावसाळ्यानंतर ते जागेवर उभे आहेत की नाहीत, हे कोळीवाड्यातल्या दोन जाणत्या माणसांना सोबत नेऊन तपासा आणि मगच सोडा. माझ्या त्या वेळच्या टिपणीत हीच अट शेवटची होती आणि तिच्यापुढे मुख्य अभियंत्यांनी लाल शाईने ‘अव्यवहार्य’ असा शेरा मारला होता. ते हे वाचत असतील तर त्यांनी कृपया खाली टिप्पणीत सांगावे की आज त्यांपैकी किती ठोकळे उभे आहेत.