मोठं दुखणं सरकारी, छोटं दुखणं खासगी

तुम्ही दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत: भारत आणि शेजारच्या देशांतली सरकारी-खासगी आरोग्यव्यवस्था यांची तुलना, आणि नोकरीसाठी दोन वर्षं कोलंबोला जायचंय तर तिथे आजारी पडल्यावर काय करायचं. मी डॉक्टर नाही, हिशेबखात्यातला माणूस. पण तीन वर्षं कोलंबोत काढली आहेत, तेव्हा श्रीलंकेबद्दल जरा सविस्तर सांगतो आणि बाकीच्यांचं थोडक्यात आटोपतो.

आमच्या तिथल्या ऑफिसात एक वयस्कर सहकारी होते. पगार बरा, घर स्वतःचं. ताप आला, गुडघा धरला की संध्याकाळी खासगी हॉस्पिटलात जाऊन 'डॉक्टर चॅनल' करायचे. हा तिथला रोजचा शब्द. पैसे भरून तज्ज्ञाचा नंबर लावायचा, मग बाहेर बाकावर नंबर यायची वाट बघत बसायचं. एके दिवशी गृहस्थांच्या छातीत दुखायला लागलं. मी आपल्या सवयीप्रमाणे त्याच खासगी हॉस्पिटलचं नाव घेतलं. त्यांच्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकीच्या गावाचा रस्ता सांगतोय. म्हणाली, ''हृदयाचं आहे ना? मग नॅशनललाच न्यायचं.''

नॅशनल म्हणजे कोलंबोचं नॅशनल हॉस्पिटल. सरकारी, देशातलं सगळ्यांत मोठं. तिथला वॉर्ड पाहून मला आपलं सिव्हिलच आठवलं: खाटेला खाट चिकटलेली, चादर घरची, नातेवाइकांना भेटायची वेळ ठरलेली. पण सकाळी राउंडला जे डॉक्टर आले ते तेच, ज्यांना यांनी महिन्याभरापूर्वी खासगीत पैसे देऊन दाखवलं होतं. श्रीलंकेत सरकारी डॉक्टरांना ड्युटी संपल्यावर खासगी प्रॅक्टिस करायला अधिकृत परवानगी आहे, त्यामुळे खासगी हॉस्पिटलांतले बरेचसे तज्ज्ञ दिवसा सरकारीतच असतात. अँजिओप्लास्टी झाली. एक-दोन तपासण्या बाहेरून करून आणाव्या लागल्या, त्याचे पैसे गेले. बाकी बिल नाही. डिस्चार्जच्या वेळी हातात डायग्नोसिस कार्ड आणि दर महिन्याला औषधं न्यायला क्लिनिकची तारीख.

याच्या दोन वर्षं आधी आमच्या काकांना इकडे पक्षाघाताचा झटका आला होता. आधी जवळचं नर्सिंग होम, तिथून मोठं खासगी हॉस्पिटल, दारातच डिपॉझिट, मग रोजचं बिल. आठव्या दिवशी काकूंच्या बांगड्यांपर्यंत गोष्ट आली तेव्हा आम्ही त्यांना सिव्हिलला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि एवढंच विचारलं, ''आधीच का नाही आणलंत?'' उत्तर कुणाकडेच नव्हतं. आपल्याकडे क्रम असाच असतो: आधी खासगी, पैसे संपले की सरकारी. तिकडे छोटं दुखणं खासगीत आणि मोठं सरकारीत. माझ्या मते दोन देशांतला खरा फरक हाच आहे. दोन्हीकडे सरकारी आहे, दोन्हीकडे खासगी आहे. माणूस कुठल्या आजाराला कुठल्या दारात जातो, ते पाहायला हवं.

आकडेही हेच सांगतात. श्रीलंकेत बाह्यरुग्ण तपासणीचा निम्म्याच्या आसपास भार खासगी डॉक्टर उचलतात, पण दाखल होणाऱ्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक सरकारी रुग्णालयांत असतात. भारतात २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दाखल रुग्णांपैकी सरकारीत गेलेले ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरांत ३५ टक्के होते. त्याच पाहणीत एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारीत ४,४५२ रुपये, तर खासगीत ३१,८४५ रुपये निघाला (बाळंतपणं वगळून). सातपट!

आता एक गंमत. आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी लोक स्वतःच्या खिशातून किती भरतात, हा आकडा अशा तुलनांमध्ये नेहमी पुढे केला जातो. भारतात तो सरकारी हिशेबानुसार २०१३-१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला (या हिशेबावर अर्थतज्ज्ञांचे वाद आहेत, ते सोडा). श्रीलंकेतही तो चाळीस-पंचेचाळीसच्या घरात आहे. नुसता आकडा पाहिला तर दोन्ही देश सारखेच वाटतील. पण तिकडे तो पैसा बराचसा चॅनलिंग, चष्मा, रक्ततपासणी, औषधाच्या पट्ट्या यांत थोडाथोडा जातो, आणि जास्त करून ऐपत असलेल्यांचा जातो. रांग टाळायला दिलेला पैसा आणि आयसीयूचं बिल भरायला काढलेलं कर्ज ताळेबंदात एकाच रकान्यात पडतात. हिशेबनीस म्हणून सांगतो, असे रकाने फार फसवतात.

श्रीलंकेला हे जमलं कसं? श्रीमंत होता म्हणून नाही. १९३१ साली, ब्रिटिश राजवटीतच, तिथे सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार मिळाला. मतं मागायला खेड्यात जावं लागलं की मतदार आधी शाळा आणि दवाखाना मागतो. त्यात १९३४-३५ मध्ये मलेरियाची भयंकर साथ आली, सुमारे ८०,००० माणसं गेली, आणि गावोगाव दवाखाने काढण्याला जोर आला. त्याही आधी, १९२६ साली, कळुतरा इथे पहिलं 'हेल्थ युनिट' सुरू झालं होतं. रोगावर उपचार करणारं रुग्णालय वेगळं आणि ठरलेल्या भागातल्या लोकांचं आरोग्य सांभाळणारा अधिकारी वेगळा, अशी ती रचना. आजही ती चालू आहे. त्या अधिकाऱ्याच्या हाताखालची सरकारी सुईण हा या व्यवस्थेचा कणा आहे. साधारण तीन हजार वस्तीमागे एक, प्रशिक्षित आणि पगारी. आपल्या आशाताई तेवढंच चालतात, पण त्यांना मानधन मिळतं आणि कामागणिक मोबदला. त्यासाठीही मोर्चे काढावे लागतात. श्रीलंकेत जवळजवळ प्रत्येक बाळंतपण रुग्णालयात होतं आणि मातामृत्यूचं प्रमाण आपल्या कितीतरी खाली आहे. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश मलेरियामुक्त जाहीर केला.

आपल्याकडे कागद कमी नव्हते. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, हे आरोग्यव्यवस्थेची आखणी करायला ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेवलंय. पण सरकारी खर्च कायम तुटपुंजा राहिला आणि मधली मोकळी जागा आधी नर्सिंग होमांनी आणि मग कॉर्पोरेट हॉस्पिटलांनी भरली. एकदा मध्यमवर्ग सिव्हिलच्या पायऱ्या चढायचा थांबला की तिथल्या बंद पडलेल्या मशीनबद्दल ओरडायला उरतो कोण? श्रीलंकेत तो मध्यमवर्ग अजून वॉर्डात येतो, निदान मोठ्या आजाराला तरी, आणि म्हणून औषधं संपली की बातमी होते. २०१८ पासूनची आयुष्मान भारत किंवा महाराष्ट्रातली महात्मा फुले योजना यांनी गरिबाला आधार दिला हे खरं, त्यांची टिंगल मी करणार नाही. पण त्यांतला बराचसा सरकारी पैसा पुन्हा खासगी हॉस्पिटलाकडेच जातो, आणि यादीत न बसणारा आजार आणि डिस्चार्जनंतर ठरावीक दिवस उलटले की पुढच्या गोळ्या आपल्या आपणच बघायच्या.

आता श्रीलंकेची दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही विमानातून उतरलात की मला शिव्या घालाल. तिथे अमुक डॉक्टरकडेच आधी जा असं बंधन नाही, त्यामुळे जो तो लहान दवाखाना ओलांडून थेट मोठ्या रुग्णालयात जातो आणि तिथल्या ओपीडीत पहाटेपासून रांग लागते. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियेला महिनोन् महिने थांबावं लागतं. २०२२ मध्ये परकीय चलन संपलं, देशाने कर्जफेड थांबवली आणि औषधांचा खडखडाट झाला. त्या मार्चमध्ये कँडीजवळच्या पेराडेनिया रुग्णालयाने ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. औषधं आयात करणारी व्यवस्था तिजोरीवर उभी असली की तिजोरीबरोबर तीही बसते. डॉक्टर देश सोडून जाऊ लागले. त्यानंतर हलक्या प्रतीच्या इम्युनोग्लोब्युलिनच्या (प्रतिकारशक्तीसाठी देतात ते इंजेक्शन) खरेदीचं प्रकरण निघालं आणि माजी आरोग्यमंत्र्यांना २०२४ मध्ये अटक झाली. फुकट आहे म्हणजे स्वच्छ आहे असं समजू नका.

बाकीच्या शेजाऱ्यांचं थोडक्यात. भूतानने मूलभूत आरोग्यसेवा मोफत देण्याची जबाबदारी राज्यघटनेतच घातली आहे, आधुनिक आणि पारंपरिक दोन्ही उपचारपद्धतींची. तिथे खासगी हॉस्पिटल हा प्रकार जवळजवळ नाहीच. जे थिम्पूत होत नाही त्यासाठी रुग्णाला सरकारी खर्चाने भारतात पाठवतात. बांगलादेश अगदी उलट: तिथे खर्चाचा दोन तृतीयांशाहून मोठा वाटा लोकांच्या खिशातून जातो, आणि ज्यांना परवडतं ते उपचारांना सीमा ओलांडत आले आहेत. म्हणजे कोलकात्याच्या एखाद्या खासगी हॉस्पिटलात एकाच बाकावर तिघे शेजारी भेटू शकतात. भूतानीचं बिल त्याचं सरकार भरतं, बांगलादेशी स्वतः भरतो, आणि भारतीय माणूस मेडिक्लेमवाल्याच्या फोनची वाट बघतोय. तुलना करायला याहून चांगली जागा नाही. नेपाळबद्दल लिहीत नाही, तिथलं मी जवळून काही पाहिलेलं नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर विमा घेऊनच जा. वर सांगितलेली मोफत सेवा श्रीलंकेच्या नागरिकांसाठी आहे, परदेशी माणसाला सरकारी रुग्णालयातही पैसे आकारतात. कंपनी विमा देणार असेल तर त्यात दाखल झाल्यावरचा खर्च आहे ना आणि गरज पडल्यास भारतात आणण्याचा खर्च धरलाय का, ते नीट वाचा. सर्दी-तापाचं चॅनलिंग खिशातून भरलं तरी चालतं. डॉक्टर निवडताना मी एकच गोष्ट विचारायचो: हे सकाळी कुठल्या सरकारी रुग्णालयात असतात? आणि जुन्या औषधांच्या चिठ्ठ्यांवर कंपनीचं नाव नव्हे, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपले ब्रँड तिथे मिळतीलच असं नाही.

ॲम्ब्युलन्सचा नंबर १०८ नाही, १९९०. सेवेचं नाव 'सुवा सेरिया', आणि ती मोफत आहे. २०१६ मध्ये भारताच्या अनुदानातून सुरू झाली, आणि आपल्याकडे काही राज्यांत १०८ चालवणाऱ्या संस्थेनेच ती तिथे उभी करून दिली. फोन उचलणाऱ्याशी इंग्रजीत बोललात तरी चालेल, फक्त घराजवळच्या मोठ्या चौकाचं नाव सिंहलीत पाठ करून ठेवा.