घोटा मुरगळला की लगेच एक्स-रे? थांब जरा

अरे, खेळाडू लंगडत आला रे आला की एक्स-रेचा कागद लिहायला घेऊ नकोस. आधी विचार पाय आत वळला की बाहेर, पडल्यावर चालता आलं का. आणि सूज बघून घाबरू नको, घोटा टम्म फुगतो पण हाड बऱ्याचदा ठणठणीत असतं, नुसतं बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) ताणलेलं.

१९९२ चे ओटावा रूल्स, म्हणजे घोट्याला एक्स-रे कधी लागतो ते ठरवायचे नियम, पाठच कर. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, एका बोटाने दाबत जा, मग पाचव्या मेटाटार्सलचं (करंगळीकडच्या पावलातल्या लांब हाडाचं) बूड आणि नॅव्हिक्युलर (पावलाच्या आतल्या बाजूचं, घोट्यापुढचं छोटं हाड). हाडावर कुठेच दुखत नाही आणि ४ पावलं टाकता येतात तर एक्स-रे नको (लंगडत चालला तरी चालतं, खरंच!). दुखऱ्या जागेला हात शेवटी लाव, आणि दाबताना मॅचचा स्कोअर विचारत राहा, नाहीतर काहीजण बोट टेकायच्या आधीच बोंब मारतात. माझा एक पेशंट पाऊल टेकवतच नाही म्हणत होता, टीमने गोल मारला आणि हा बाकावरून उठून नाचायला लागला, झाली माझी तपासणी.

गुडघ्याखाली फिब्युला (पायाचं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड) चाचपायला विसरू नकोस, तिथे फ्रॅक्चर लपतं. ड्रॉवर टेस्ट (टाच पुढे ओढून लिगामेंट फाटलंय का ते बघणं) पहिल्या दिवशी करून उपयोग नाही, दुखण्याने पाय आखडलेला असतो, ४-५ दिवसांनी परत बोलाव. आणि हो, पेशंट प्यायलेला असेल किंवा पायाला नीट संवेदना नसेल तर हे रूल्स धरू नकोस, सरळ एक्स-रे काढ.