फोनवरच्या सिस्टरला काय दाखवायचं, आणि कधी थेट निघायचं

प्रश्न : सिस्टर, माझी मुलगी ९ दिवसांची आहे. हॉस्पिटल आमच्यापासून दोन तासांवर. घरी सोडताना व्हिडिओ कॉलवर नर्सचा सल्ला मिळेल म्हणाले होते आणि तो मिळतोही. पण नेटवर्क मधेच जातं. शिवाय फोनवर बघून बाळाचं खरंच काही कळतं का, ही धास्ती आहेच. कितपत विसंबून राहू?

उत्तर : बाळाला अंघोळ घातल्यावर, नाळ पडल्यावर किंवा रात्रभर रडल्यावर पडणाऱ्या प्रश्नांसाठी खुशाल विसंबा. नवजात कक्षातली माझी नोकरी संपल्यावर आता मी हेच काम फोनवरून करते आणि अंगावर पाजणं तर कॉलवर फार छान सुधारता येतं. मात्र फोन समोरून धरू नका. कुणालातरी तुमच्या खांद्यावरून, वरच्या बाजूने धरायला सांगा. बाळाची हनुवटी छातीला टेकलीय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, हे मला तिथूनच दिसतं. आणि सगळ्यांना गप्प बसवा. एक आई म्हणत होती, ‘अर्धा अर्धा तास पिते’, पण मला नुसती चुटचुट ऐकू येत होती, घोट गिळल्याचा आवाजच नव्हता. बाळाला सोडवून, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबून पुन्हा लावलं, तेव्हा घोट ऐकू आले. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं आणि या वयात निदान ६ वेळा लघवी, एवढं वहीत टिपून ठेवा. कॉलवर आम्ही पहिलं तेच विचारतो.

माझा हात मात्र तिथे पोचत नाही. म्हणून तो तुम्ही व्हा. पोटाला आणि तळपायांना हात लावा. पोट गरम, तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय. उघड्या छातीशी घ्या, वरून पांघरूण घाला, थोड्या वेळाने पुन्हा बघा. काखेत लावायचा थर्मामीटर घरात हवाच.

कावीळ नाही, असं मी स्क्रीनवर बघून कधीच म्हणत नाही. कॅमेरा रंग बदलतो आणि घरातला दिवा त्यात भर घालतो. तुम्ही दिवसा खिडकीपाशी बाळाच्या कपाळावर, छातीवर बोट दाबून सोडा आणि कातडीचा रंग बघा. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला किंवा केव्हाही तळहात-तळपाय पिवळे झाले, तर तपासणीला न्यायलाच हवं.

नेटवर्कचं म्हणाल, तर व्हिडिओ लागला नाही म्हणून अडू नका. साधा कॉल पुरतो. श्वासाची शंका असेल तर बाळ शांत असताना छाती-पोट उघडं ठेवून पूर्ण एक मिनिट रेकॉर्ड करा आणि रेंज मिळेल तेव्हा पाठवा. नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मधेच पाच-दहा सेकंद थांबतो, मग भराभर चालतो. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही.

आता ज्यासाठी फोनची वाटच बघायची नाही ते सांगते. बाळ दूध ओढेनासं झालं, झटके आले, डिवचलं तरच हलतंय किंवा तेही नाही, श्वास पुन्हा मोजूनही मिनिटाला ६० किंवा जास्त, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग खोल आत जातोय, काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा वर, नाहीतर ३५.५ च्या खाली. यातलं एकही दिसलं की निघा. कॉल गाडीत बसल्यावर लावा, म्हणजे आम्हाला पुढे हॉस्पिटलला कळवता येतं. दोन तासांच्या वाटेवर बाळाला छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवा आणि पीत असेल तर पाजत राहा.

गाडी कुणाची, रात्री कुणाला उठवायचं, हे आजच ठरवून टाका. पुढच्या कॉलला डिस्चार्जचा कागद घेऊन बसा. जन्माचं वजन त्यावर असतं. पहिल्या दिवसांत घटलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यायला हवं, तेव्हा येत्या आठवड्यात कुठे वजन करता येईल तेही सिस्टरला विचारा.